एक सुत्तु

मस्कत
२ जुलै १९८३

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. इथे उन्हाने रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय. विमानात बसल्यापासून डोक्यात दोनच गोष्टी घोळतायत, शांता आणि गाडी. शांताबद्दल तुला काय सांगायचं? तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून पहिलं बाळंतपण बेळगावला माहेरी न होता हुबळीला सासरी होतंय. शाळा सांभाळून तू तिचं सगळं करशील, याची मला खात्री आहे. मी एप्रिलपर्यंतच्या करारात अडकलोय, नाहीतर हललो नसतो.

मी नाही तर निदान गाडी दारात असावी, म्हणून इथून आणलेली ती तिथेच ठेवली. पण तिचा स्वभाव तुम्हाला अजून कळलेला नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. ती ॲम्बॅसडरसारखी नाही. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नाहीत, एक तिकोनी लोखंड आत गोल गोल फिरतं. म्हणून त्याला रोटरी म्हणतात. चालते लोण्यासारखी, पण एक मोठी खोड आहे. इंजिन गार असताना सुरू केलं आणि लगेच बंद केलं, की आत पेट्रोल तुंबतं, प्लग ओले होतात आणि बाईसाहेब रुसतात. मग किल्ली कितीही फिरवा, नुसती खोकते.

म्हणून एकच नियम. हा अप्पांना मोठ्याने वाचून दाखव. फेरी न म्हणता त्यांच्याच भाषेत लिहितो: एकदा सुरू केली, की गाडीला एक सुत्तु हाकल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. मग दहा कामं का असेनात.

चुकून तुंबलीच, तर किल्ली फिरवत बसून बॅटरी मारू नका. धक्का मारायचा. चालवणाऱ्याने क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, बाकीच्यांनी मागून ढकलायचं, आणि वेग आला की क्लच एकदम सोडायचा. दुसऱ्या गाड्या चार पावलांत सुरू होतात, हिला अख्खा रस्ता लागतो. आपल्या धाकट्या मारुतीला मी हे शिकवलंय, पण तो दुकानाच्या नादात विसरेल. तू आठवण दे.

शांताला वेगळं पत्र टाकलंय.

तुझा,
वसंत

•

देशपांडे नगर, हुबळी
२१ ऑगस्ट १९८३

चि. वसंतास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. तुझा नियम अप्पांनी असा पाठ केलाय, की शाळेतल्या पोरांनी पाढे तसे केले असते तर माझा घसा वाचला असता. दाजीबानपेठेतून कुणी भेटायला आला, की त्याला गाडीपाशी नेतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि सांगतात, "ह्याच्यात पिस्टन न्हाई. आत नुसता सुत्तु चाललेला असतंय." माणूस कापड दुकानदार, त्याला पिस्टन काय आणि पिसं काय. पण मान डोलावतो.

स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याची मजा अजून संपलेली नाही. मारुती दर रविवारी आम्हाला धारवाडपर्यंत नेऊन आणतो. अप्पा उजव्या हाताला पुढे बसतात आणि अंगावर शाल घेऊन रस्त्याकडे बघत राहतात. लोकांना वाटतं म्हातारा हात न लावता गाडी चालवतोय. परवा उणकलच्या तळ्यापाशी एका सायकलवाल्याने ते बघून सायकल खड्ड्यात घातली.

आणि गाडीची काळजी किती म्हणून सांगू? रविवारी दारात आलो, की मारुतीला किल्ली फिरवू देत नाहीत. "थांब" म्हणतात, खाली उतरतात, गाडीभोवती सावकाश फिरून येतात आणि मग म्हणतात, "हं, कर बंद." कुठे ओरखडा आलाय का ते बघत असणार. मी त्यांना चिडवते, की आई असताना तिच्याकडे इतकं कधी निरखून बघितलं नव्हतं. तर हसले. आई गेल्यापासून अप्पांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, हे मात्र खरं.

शांताची तब्येत उत्तम. मारुतीच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या हेमावतीच्या हातची चिंचेची चटणी ताटभर खाते. मारुती दुकानातून येताना रोज मऊ तागे घेऊन येतो. जन्माला यायच्या आधीच तुझ्या बाळाची दुपटी एवढी झालीयत, की आणखी एक दुकान टाकता येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दसऱ्याच्या पुढेमागे.

तू तिकडे खाण्यापिण्याची आबाळ करू नको.

तुझी,
अक्का

•

मस्कत
१८ सप्टेंबर १९८३

ती. अक्कास,

सा. न.

घाईत लिहितोय. एकच सांगायचंय. दसऱ्याच्या आठवड्यात मारुतीने गाव सोडून कुठेही जायचं नाही. सुरतेला माल बघायला नाही, पाहुण्यांकडे नाही. गाडी त्याच्याशिवाय कुणाला येत नाही.

इथल्या उकाड्यात लोकरीचं टोपडं मागितलं, तर दुकानदार मला वेडा समजला. पण मिळालं. पिवळं घेतलं, म्हणजे मुलगा असो की मुलगी, चालेल.

वसंत

•

देशपांडे नगर, हुबळी
२५ ऑक्टोबर १९८३

चि. वसंतास,

तार मिळाली असेल. तारेत मावतं तेवढंच लिहिलं होतं. आता सगळं लिहायला बसलेय. तुला दुसरं कोण सांगणार?

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी पूजा झाली. दुपारी जेवणं झाली. शांता पोटभर जेवली. पानं उचलताना तिने माझं मनगट धरलं आणि सोडेना, तेव्हाच मला कळलं. शेजारच्या डॉक्टरांकडे धावले, तर घराला कुलूप, सगळे सणाला गदगला गेलेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मारुतीला फोन केला. दाजीबानपेठेतल्या दुकानाची पूजा अर्धी टाकून तो आला.

त्याने किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. पेट्रोलचा वास सगळ्या अंगणात पसरला. मारुती खाली उतरला, वाकून गाडीखाली बघितलं, मग अप्पांकडे बघितलं. अप्पांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "मीच काढलो होतो सकाळी. लगेच बंद केलो."

अप्पांनी त्याच्या थोबाडीत मारली. लग्न झालेल्या मुलाच्या, हेमावतीच्या समोर. त्याने मान वर केली नाही.

खंडेनवमीचा दिवस तो. रिक्षांना हार घालून ठेवलेले, टांग्यांची घोडी सोडलेली. पलीकडच्या गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं, तर त्याचे पाने हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले. आज हत्याराला हात लावायचा नाही म्हणाला. पण बिचारा ढकलायला मात्र आला.

शांताला मागच्या सीटवर आडवी केली, हेमावती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मारुती चाकावर. बाकी आम्ही सगळे मागे. मी ढकलत होते, अप्पा ढकलत होते, रस्त्यावरची येणारीजाणारी माणसं येऊन लागत होती. गाडी धावायला लागली की मारुती क्लच सोडायचा. गाडी हिसका द्यायची आणि जागच्या जागी थांबायची. प्रत्येक हिसक्याला आतून शांता ओरडायची. असं किती वेळा झालं, मला सांगता येणार नाही. नंतर नंतर मारुती रडत होता, आणि रडत रडत क्लच सोडत होता. न सोडून करणार काय?

दवाखान्याच्या अलीकडच्या चढापाशी ती सुरू झाली. पांढरा धूर सुटला आणि आम्ही सगळे मागे राहिलो. ती एकदम लांब गेली.

मुलगी होती, वसंता. नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. शांता वाचली. बोलत नाही, पण वाचली. तिचे वडील तिला बेळगावला घेऊन गेलेत.

पिवळं टोपडं पोचलं. मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय. शांताला दाखवलेलं नाही.

अक्का

•

मस्कत
१० नोव्हेंबर १९८३

ती. अक्कास,

कंपनीने रजा दिली नाही. एप्रिलमध्ये करार संपतो, तेव्हाच सोडतील. पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत आहे. मी इथे रोज कामावर जातो, जेवतो, लोक बोलतात त्याला उत्तरं देतो. आत काय चाललंय ते लिहिता येत नाही.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलंय, की घडीवर फाटायला लागलंय. अक्का, ते इंजिन दुसऱ्या कुठल्याही कारणाने असं रुसत नाही. मी जाताना स्वतः सगळं तपासलं होतं. गार असताना सुरू केलं आणि लगेच बंद केलं, तरच तुंबतं. मी तेच लिहिलं होतं. एकच गोष्ट सांगितली होती, एकच. आणि ती ज्याला हाताने शिकवली, त्यानेच मोडली. कशासाठी काढली होती त्याने? सणाच्या दिवशी मित्रांना दाखवायला? दोन हात पुढे, दोन हात मागे, बघा माझ्या भावाची गाडी?

मला त्याचं तोंड बघायचं नाही. मी येईन तेव्हा तो त्या घरात नसावा. हे रागाच्या भरात लिहिलंय असं समजू नको. राग पहिल्या आठवड्यातच संपला, आता जे उरलंय ते थंड आहे.

शांता माझ्या पत्रांना उत्तर देत नाही. तिला वाटत असेल, की नवऱ्याऐवजी नवऱ्याची गाडीच दारात ठेवली गेली. खरंच आहे ते.

वसंत

•

दाजीबानपेठ, हुबळी
४ डिसेंबर १९८३

अण्णास,

नमस्कार.

अक्काला लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. तुझं सगळं बरोबर आहे. मीच केलं. का केलं ते विचारू नको.

तू म्हणशील तसं करीन. दुकान सोड म्हणालास तर सोडीन. हेमावतीचे मामा तारिहाळच्या एका कारखान्यात आहेत, तिथे काहीतरी मिळेल. फक्त एक विनंती. जे काही विचारायचं ते मला विचार. अप्पांना त्या दिवसाबद्दल काही विचारू नको. त्यांची तब्येत बरी नाही.

शांतावहिनींना माझा नमस्कार कळव. कळवावंसं वाटलं तरच.

मारुती

•

देशपांडे नगर, हुबळी
४ मार्च १९८४

चि. वसंतास,

हे पत्र एकट्याने वाच. वाचून झालं की ताबडतोब उत्तर पाठव, पण मला नाही. कुणाला ते खाली सांगते.

मारुतीला घराबाहेर काढा, असं तू अप्पांना लिहिलंस, ते त्यांना मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून देवापाशी ठेवलं आणि म्हणाले, "वसंतानं लिहिलंय म्हणजे करायचं. पाडवा होऊ दे." तुला माहीत आहे, तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. हेमावतीने भांडी बांधायला घेतलीयत. दुकानाच्या किल्ल्या मारुतीने अप्पांच्या उशाशी ठेवून दिल्या.

मी पोहे करत होते. अप्पा माझ्यापाशी येऊन बसले, आपल्याशीच बोलल्यासारखे बोलायला लागले. "माझ्या हातनं काय कमी पडलं न्हाई बघ, वत्सला. मी सुत्तु हाकूनच बंद करायला लावलो होतो. माझ्यामागनं ह्यानं परत काढली आणि सुत्तु न हाकता बंद केली. पोरगं माझंच, पण माफ करवत न्हाई."

मी पोहे तसेच टाकून उठले.

आता तुला सांगते, काय झालं होतं. त्या दिवशी सकाळी पूजा झाली, असं मी तुला लिहिलं होतं. पूजा म्हणजे काय, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. गाडी धुतली, हार घातला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. चालवायला शेजारच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर भीमसेन आला होता, त्यांची ॲम्बॅसडर आटोपून. मारुती पहाटेच दुकानात गेला होता. भीमसेनने गाडी सुरू केली, हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली. तो बंद करणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब भीमसेना. सुत्तु ऱ्हायलाय." आणि आरतीचं ताट घेऊन, इंजिन चालू असताना, गाडीभोवती एक फेरी मारून आले. भीमसेनने विचारलं, "आयतेन्री?" झालं का म्हणून. अप्पा म्हणाले, "आयतु. आता कर बंद."

मी तिथेच दिवा धरून उभी होते. मला हसू येत होतं.

वसंता, आपल्या घरात सुत्तु दोन. तू गल्लीतल्या पोरांना "गावाला एक सुत्तु हाकून ये" म्हणतोस, ते हिंडून येणं एक. आणि अप्पा दर शनिवारी मारुतीच्या देवळात हाकतात, ती प्रदक्षिणा एक. तू लिहिलंस, "गाडीला एक सुत्तु हाकल्याशिवाय." देवाला सुत्तु हाकतात, तसा त्यांनी गाडीला हाकला. इंजिन आत गोल फिरतंय, मग त्याला बाहेरूनही फेरी लागत असणार, असं त्यांना अगदी पटलं होतं. रविवारी धारवाडहून आल्यावर ते गाडीभोवती फिरायचे ना, ते ओरखडे बघत नव्हते. ते तुझं पत्र पाळत होते.

मी लगेच दुकानात गेले. मारुतीला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू तर पहाटेपासून इथे होतास, मग गाडी काढलीस कधी? तो गठ्ठे लावत राहिला. मी खांदा धरून वळवलं, तेव्हा म्हणाला, "अक्का, चाकाखाली फुटलेली लिंबं बघितलो मी. अप्पा समोरच उभे होते. काय सांगणार होतो?" मग म्हणाला, "थोबाडीत खाल्लेली बरी. हे कळलं तर ते दुसऱ्या दिवशी उठणार नाहीत."

मला एवढे दिवस कसं कळलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. पण त्या दिवशी कोण कधी कुठे होतं, ते बघायचं भान होतं कुणाला? आणि पूजा म्हणजे गाडी काढणं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं.

तेव्हा आता असं आहे. मारुती राहावा, तर अप्पांना खरं सांगावं लागतं. अप्पांपासून लपवावं, तर मारुती जातो, आणि तोही ज्याला वाचवतोय त्याच्याच हातून. यातून वाट तूच काढू शकतोस, कारण या घरात तुझ्याशिवाय कुणाच्या शब्दाला किंमत नाही. माझ्या तर नाहीच. अप्पांना लिही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. फक्त पाडव्याच्या आत पोचू दे, आणि त्यात सुत्तु हा शब्द घालू नको.

तुझ्यावर रागवावं असं खूप वाटलं. मग वाटलं, तू अप्पांना समजावं म्हणून त्यांच्या भाषेत लिहिलंस, आणि त्यांना ते समजलं. यात रागवायचं कुणावर?

अक्का

•

मस्कत
१५ मार्च १९८४

तीर्थरूप अप्पांच्या चरणी,

वसंताचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी मारुतीबद्दल जे लिहिलं, ते मागे घेतो. ते पत्र देवापाशी ठेवलं असेल तर कृपा करून फाडून टाका.

कारण असं, की मी इथे गाडीच्या एका जाणकाराला सगळी हकिगत सांगितली. त्याने माझे कान उपटले. गाडी हुबळीला आणण्याआधी इंजिनातला एक भाग बदलायला हवा होता, तो मी बदलला नाही. तो भाग झिजलेला असला, की गाडी कधी सुरू होते, कधी होतच नाही. त्या दिवशी मारुतीने ती काढली असती काय, नसती काय, ती दुपारी सुरू झाली नसतीच. दोष मारुतीचा नाही. कुणाचाच नाही. असलाच तर माझा आहे, तो मी घेतो.

तुम्ही मी लिहिलं तसंच सगळं केलंत. त्यात काही चुकलं नाही. हे मी तुमच्या पायाची शपथ घेऊन सांगतो.

मारुतीला दुकानाच्या किल्ल्या तुमच्या हाताने परत द्या. तो काही बोलणार नाही, पण तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवा. मी एप्रिलच्या शेवटी येतो. आधी बेळगावला जाऊन शांताला घेऊन येईन. तिने परवा पहिल्यांदा चार ओळी पाठवल्या.

मी आल्यावर गाडी विकू. तोवर तिला हात लावू नका.

आपला,
वसंत

•

।। श्री ।।

हुबळी
चैत्र शुद्ध द्वितीया
३ एप्रिल १९८४

चिरंजीव वसंतास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाडव्याच्या आधी मिळाले. वाचून मन हलके झाले. तुझ्या आज्ञेप्रमाणे मागले पत्र फाडले. आज्ञा म्हणतो, कारण आता घरात मोठा तूच. माझे वय झाले.

मारुतीला गुढीपुढे बसवून किल्ल्या दिल्या. डोक्यावर हात ठेवला. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा रडला. मी त्याला विचारले, की अरे, भाग खराब होता तर तू आपल्यावर का घेतलेस? तर म्हणाला, घाबरलो होतो. असेल. मी त्याला मारले ते मला रोज आठवते. हेमावतीने बांधलेली भांडी सोडली. वत्सला हल्ली माझ्याकडे बघून मधेच डोळे पुसते. वयानुसार तीही हळवी झाली असावी.

तू भागाचा दोष आपल्यावर घेतलास, ते तुझ्या स्वभावाला धरून आहे. पण माझी एक शंका आहे. ती कुणापाशी बोललो नाही. तू जाणकार आहेस म्हणून तुला विचारतो.

तू एक सुत्तु लिहिला होतास, म्हणून मी त्या दिवशी एकच हाकला. शांता पायरीवर उभी होती. पोटावर हात ठेवून हसत म्हणाली, "अप्पा, आणखी एक हाका ना, बाळाच्या नावाने." मी म्हटले, नको, वसंताने एकच लिहिलाय, कमी नाही जास्त नाही. ती मुकाट्याने आत गेली. तेवढे तिचे ऐकायला हवे होते, असे मला वाटते. भाग झिजला होता हे मान्य. पण कधी कधी एवढ्या तेवढ्याने निभावून जाते.

म्हणून मी आता रोज सकाळी अंघोळ झाली, की तिच्या नावाने एक जास्त हाकतो. हात लावू नका म्हणालास, तो लावत नाही. लांबूनच फिरतो. मुलीचे नाव ठेवायचे राहिले, तेव्हा नुसते "बाळ" म्हणतो.

पण गाडी बंद असते. बंद गाडीला चालतो का, तेवढे कळव.

अप्पा